आज आत्याकडे

आई, गेल्या रविवारी मी आत्याकडे जाऊन आले. तीच, नाशकातली, गंगापूर रोडची, बाबांची मावसबहीण. आता तिला नीट दिसत नाही, माणूस आवाजावरून ओळखते. तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मला काहीतरी वाटायला हवं होतं. परत येताना रिक्षात मी वाट बघत बसले, आता वाटेल, मग वाटेल. घरी आले, भांडी लावली, झोपले. दोन दिवसांनी डाळ निवडता निवडता मनात आलं, की ही गोष्ट तुला कळायला हवी होती आणि ती सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहिते. मला लिहायची सवय नाही. नोकरीभर औषधाच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि पाकिटांवर सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, एवढंच लिहिलं. तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते.

मी आठवीत होते. बाबा रेल्वेत गँगमन, आपलं क्वार्टर नांदगावजवळच्या त्या लहान स्टेशनाला लागून, आणि मी शटल गाडीनं नांदगावच्या शाळेत जायचे. दुष्काळ संपून थोडीच वर्षं झाली होती. तू कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायचीस. गणिताच्या बाईंनी तुला शाळेत बोलावलं आणि तू खळ्यावरून तशीच आलीस, पदराला कांद्याची टरफलं चिकटलेली. मला वाटलं, माझी काही तक्रार आहे. बाई म्हणाल्या, पोरीचं डोकं गणितात चालतं, दहावी झाली की तिला सायन्सला घाला, आणि घालायचंच तर नाशिकला घाला, तिथल्या प्रयोगशाळा चांगल्या आहेत. आताआतापर्यंत अकरावीची मॅट्रिक होती, आता दहावी-बारावी सगळं नवीन, त्यामुळे आतापासूनच तयारीला लागा, असंही त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात अभ्यासाची तयारी असणार. तू मान हलवत ऐकत होतीस. फी किती, मार्क किती लागतात, असलं काही विचारलं नाहीस. एवढंच विचारलंस, "पण बाई, तिथं राहायचं कुठं?" मुलींच्या होस्टेलात जागा थोड्या, त्यावर विसंबून राहू नका, नात्यातलं कोणी असेलच की नाशकात, म्हणाल्या. तू म्हणालीस, "हायेत एक." त्या एकीला तू तोवर लग्नाकार्यात दोनदा काय ते पाहिलं होतंस.

घरी आल्यावर चूल पेटवायच्या आधी शेजारच्या क्वार्टरमध्ये गेलीस. तिथल्या पॉइंट्समनचा मुलगा आदल्या वर्षी नाशिकला कॉलेजात गेला होता आणि पहिली सहामाही व्हायच्या आत ट्रंक घेऊन परत आला होता. सगळे म्हणायचे, त्याला इंग्रजी झेपलं नाही. तू त्याच्या आईशेजारी बसून शेंगा सोलू लागलीस आणि शेंगा संपेपर्यंत सगळं काढून घेतलंस. तो मामाकडे राहत होता. मामीचं म्हणणं, सकाळी लवकर उठत नाही, मोरीत पाणी फार ओततो, पुस्तकं पसरतो, आणि जेवताना दोनदा कालवण मागतो. शेवटी मामानं त्याला स्वतःच गाडीत बसवून दिलं. तू परत आलीस तेव्हा मी गृहपाठ करत होते. तू माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "मार्कांपायी नाय आलं ते पोरगं परत. घरापायी आलं." मग थोड्या वेळानं, उठता उठता म्हणालीस, "मार्क तू आण. जागेचं मी बघते."

त्या दिवसापासून माझी कॉलेजची तयारी सुरू झाली. आठवीपासून दहावीपर्यंत. माझ्याबरोबरच्या मुली गाइडं घेत होत्या, कोणी शिकवणी लावत होतं. माझी शिकवणी वेगळी होती. संध्याकाळी सगळं नेहमीसारखं चाललेलं असायचं, बाबा दारात बिडी ओढत बसलेले, आणि तू भाकरी थापता थापता मध्येच म्हणायचीस, "आज आत्याकडे." की घर बदलायचं. तेच क्वार्टर, तीच चूल, पण आता ते आत्याचं घर. मग ताटात पडेल ते खायचं. पडेल तेवढंच खायचं. वाढायला कोणी आलं तर हात ताटावर आडवा धरायचा. पाणी पिताना घोटाचा आवाज नको. पुस्तकं मांडीवर, जमिनीवर एकही नाही. सकाळी घरातलं दुसरं कोणी जागं व्हायच्या आत अंथरूण गुंडाळून भिंतीला उभं केलेलं असलं पाहिजे. सुरुवातीला हा मला खेळ वाटायचा. बाबांनाही. ते आत येऊन मला विचारायचे, "काय पाहुण्याबाई, बरं हाय ना आमच्याकडं?" आणि मी हसायचे. तू बाबांना काही बोलायची नाहीस. मला म्हणायचीस, "हसायचं तर दाराबाहेर जाऊन हस. आत्याच्या घरी लोक झोपल्यात."

एकदा तू वांग्याचं भरीत केलं होतंस, कांद्याची पात घालून. ते मला फार आवडायचं, हे तुला माहीत होतं. मी विसरले आणि ताट पुढं केलं. तू तव्याकडं बघत म्हणालीस, "आत्याकडे हाय आपण." मी म्हणाले, थोडंच दे. तू भरिताचं भांडं उचललंस आणि फळीवर ठेवलंस, माझा हात पोचणार नाही तिथं. ते तसंच राहिलं. त्या संध्याकाळी तूसुद्धा भरीत घेतलं नाहीस, मिठाशी भाकरी खाल्लीस. मग माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणालीस, "मागणारं माणूस डोळ्यावर येतं, बाई. तू कुणाच्या डोळ्यावर यायचं नाय." मी रडले नाही. रडायचं तरी दाराबाहेर जावं लागलं असतं आणि बाहेर थंडी होती.

शेजारची पॉइंट्समनची बायको हे सगळं बघायची. तुम्हा दोघींचं पाणी भरताना बोलणं व्हायचं. ती म्हणायची, "आतापासूनच सासरी धाडायची तयारी का?" तू म्हणायचीस, "सासरी कशाला? कॉलेजात." त्यावर ती म्हणाली होती, "का बाई, कॉलेजात भाकर मागू देत नाय का?" तू हसली नाहीस. तिच्या मुलाला कशानं परत यावं लागलं, ते तू तिला तोंडावर बोलू शकली असतीस. बोलली नाहीस. हंडा उचललास आणि आलीस.

आणि नाशिकच्या फेऱ्या. बाबांना रेल्वेचे पास मिळायचे, वर्षाला ठरलेले. आधी त्या पासांवर आपण तुझ्या माहेरी जायचो, भुसावळच्या पुढं. ती तीन वर्षं सगळे पास नाशिकरोडचे निघाले. मामा एकदा येऊन विचारून गेला, ताई आमच्यावर रागावली का. तू म्हणालीस, पोरीचं शिक्षण आहे, आणि तो बिचारा काही न समजता परत गेला, कारण मी तर नांदगावला शिकत होते. आपण कुरडयांचा डबा, पापड, निवडून घेतलेल्या कांद्यांची पिशवी असं घेऊन गाडीत बसायचो. नाशिकरोडला उतरून सिटी बसनं सीबीएसच्या बसस्टँडपर्यंत, तिथून चालत. आत्याचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा. तिचे दोन मुलगे, आणि तिचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायचे, कचेरीत कारकून. त्यांच्याकडे खुर्च्या होत्या. तू खुर्चीवर कधी बसली नाहीस. आत्या म्हणायची, "वहिनी, वर बसा की." तू म्हणायचीस, "हितंच गार वाटतं, ताई." जाशील तेव्हा तिचे गहू निवडून द्यायचीस, डबे घासून द्यायचीस.

पहिल्याच फेरीत तू आत्याच्या घरात झाडू मारायला घेतलास, आणि स्वयंपाकाची खोली आणि मोरी यांच्या मधल्या बोळातून दोनदा झाडलंस. मला तेव्हा कळलं नाही. घरी आल्यावर तू ट्रंक ओढून भिंतीपासून थोडी लांब सरकवलीस, मध्ये हात पसरून बघितलास, पुन्हा जरा आत ढकललीस, आणि म्हणालीस, "एवढीच जागा हाय तिथं." त्या दिवसापासून मी ट्रंक आणि भिंत यांच्यामध्ये झोपू लागले. कुशीवर वळलं की ट्रंकेची कडी वाजायची आणि तू अंधारातून "अं" एवढंच म्हणायचीस. काही महिन्यांनी कडी वाजायची थांबली. आजही मी एका कुशीवर झोपते आणि सकाळी त्याच कुशीवर उठते. चादरीला सुरकुती नसते.

दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले आले, माझं काम मी केलं होतं. आता तुझं काम उरलं. आपण दोघी नाशिकला गेलो, कॉलेजातून अर्ज आणला, आणि तिथून आत्याकडे. तू रस्ताभर ओठ हलवत होतीस, काय बोलायचं त्याची उजळणी. आत्यानं पेढा तोंडात घातला, मार्क विचारले, आणि तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलीस. तीन वर्षं ज्याच्यासाठी काढली, ते तुझ्या तोंडातून निघेना. शेवटी आत्यानंच विचारलं, "मग हिची राहायची व्यवस्था?" तू म्हणालीस, "बघू. होस्टेलाचं विचारावं म्हणते." आत्या म्हणाली, "होस्टेल कशाला? आम्ही मेलो का?" झालं. एवढंच. आत्या चहा ठेवायला उठली. तू माझ्याकडं बघितलंस. तुझा चेहरा मला आठवतो, पण त्यावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आनंद म्हणावा तर तसा नव्हता. एखादं दार जोर लावून ढकलावं आणि ते आधीच उघडं असावं, तसं काहीतरी.

मी तिथं दोन वर्षं राहिले. तू शिकवलं होतंस त्यातलं काही चुकलं नाही. बोळातच जागा मिळाली, आणि ट्रंकेच्या सरावामुळं ती मला मोठी वाटली. सगळ्यांच्या आधी उठायचे, अंथरूण उभं करायचे, आत्याच्या हातातलं काम तिनं सांगायच्या आत घ्यायचे, कॉलेजला जायचे, परत यायचे. प्रयोगशाळेत मला बरं वाटायचं. तिथं प्रत्येकीची जागा ठरलेली असायची, स्टँडवर नंबर घातलेला. आत्याचे मुलगे जेवताना भांडायचे, याला जास्त वाढलं, त्याला साय दिली. मी हात आडवा धरायचे. आत्या दोन-चार महिने आग्रह करत राहिली, मग तिनं सोडून दिलं. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा तू "आज आत्याकडे" म्हणालीच नाहीस. म्हणायची गरजही नव्हती. बाबांनी विचारलं, "काय पाहुण्याबाई?" आणि मी म्हणाले, "बरं हाय." हसले नाही. बाबा मग पुन्हा तसं कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तू एकटी आलीस. गाडी उशिरा आली, त्यामुळे थोडाच वेळ थांबणार होतीस. आत्याशी बोलताना तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "पोरीचा काही त्रास?" आत्या म्हणाली, "त्रास कसला वहिनी? घरात आहे की नाही, कळत सुद्धा नाही." ती हे काकांकडं बघत म्हणाली होती आणि काका पेपर वाचत होते. तू मान खाली घातलीस. मला माहीत होतं, तुला किती बरं वाटलं असेल. मी तुला सोडायला सीबीएसपर्यंत आले. तू चालताना दोनदा ते वाक्य पुन्हा म्हणालीस, स्वतःशीच. "कळत सुद्धा नाय म्हणे."

स्टँडबाहेर एक हॉटेल होतं, बाकडी टाकलेली. तू हॉटेलात कधी गेली नव्हतीस. त्या दिवशी आत शिरलीस आणि भज्यांची प्लेट सांगितलीस, एकच, आणि तुझ्यासाठी चहा. पोऱ्यानं प्लेट आणून आदळली. तू एक भजं मोडून आतला कांदा बघितलास आणि म्हणालीस, "असला कोंबाचा कांदा आम्ही बाजूला काढतो. म्हणून हे लोक बाजूचा माल विचारत असत्यात." मला हसू आलं, मी ते गिळलं. मग तू प्लेट माझ्यासमोर ठेवलीस आणि म्हणालीस, "आत्ता आत्याकडे नाय आपण. खा." मी खाल्ली. गरम होती. अर्धी झाल्यावर मी थांबले, तुझ्यासाठी. तू ती पुन्हा माझ्याकडं सरकवलीस. मी संपवली. तू पोऱ्याला बोट दाखवलंस, आणखी एक. मी म्हणाले, "नको." तू म्हणालीस, "घे की. हितं कोण बघतंय?" मी प्लेटवर हात आडवा धरला. तू माझ्या त्या हाताकडं बघत राहिलीस. किती वेळ ते माहीत नाही, तुझा चहा गार होऊन त्यावर साय धरली एवढं आठवतं. तू पोऱ्याला नको म्हणून खुणावलंस. नाशिकरोडची बस लागली. चढताना तू वळून म्हणालीस, "नीट जेवत जा." तुझं माझ्याशी ते शेवटचं बोलणं.

तुला कावीळ झाली, ते मला कळवलं नाही. बाबांनी नंतर सांगितलं, तूच नको म्हणाली होतीस. पोरीची बारावी जवळ आली आहे, आणि तिला कळलं तर ती घरी यायचं म्हणेल, मग ताईंना तिला पोचवायला माणूस द्यावा लागेल, उगीच त्यांना त्रास. तू दवाखान्यातही उशिरा गेलीस. नांदगावच्या डॉक्टरांनी मनमाडला न्यायला सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, सकाळच्या गाडीनं जाऊ, आता कोणाला उठवायचं. त्या सकाळी आत्याच्या दारात नाशिकरोडचा एक रेल्वेवाला सायकल लावून उभा होता. बाबांच्या ओळखीचा. मी मोरीपाशी तोंड धूत होते. तो आत्याला हळू बोलला, पण मला ऐकू आलं. मी आत गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच मला उठायला उशीर झाला होता, अंथरूण तसंच पडलेलं होतं. मी ते गुंडाळलं, भिंतीला उभं केलं. माझा चहाचा कप विसळला आणि पालथा घातला. मग चप्पल घातली. आत्या दारात उभी राहून बघत होती.

घरी बायका म्हणाल्या, रड गं, रडली नाहीस तर छातीत बसेल. मी ट्रंकेच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन बसले. ती जागा तू तशीच ठेवली होतीस. मी रडायची वाट बघत होते आणि घरात एवढी माणसं होती. दाराबाहेरही माणसं होती.

बारावीचे मार्क चांगले आले. मग फार्मसीचा डिप्लोमा केला, तेव्हा होस्टेल मिळालं. सरकारी दवाखान्यांत नोकरी झाली, आधी पेठ तालुक्यात, मग इकडं नाशकात. लग्न झालं. माणूस चांगला मिळाला. लग्नानंतर काही वर्षांनी ते एकदा म्हणाले, "अगं, घर आपलं आहे. भाड्यानं राहिल्यासारखी काय वागतेस?" मी त्यांना पाणी आणून दिलं. आमची मुलगी कॉलेजसाठी पुण्याला गेली, तेव्हा मी तिला काही म्हणजे काही शिकवलं नाही. मुद्दाम. पहिल्याच महिन्यात ती मेसवाल्याशी भांडली आणि मला फोनवर सगळं भांडण ऐकवलं, अगदी त्याच्या आवाजाची नक्कल करून. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले. मग ती म्हणाली, आई, तू ऐकतेस ना? मी म्हणाले, सांग, अजून सांग.

आता रविवारचं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आत्या धाकट्या मुलाकडे असते, त्याच जागेवर आता इमारत झाली आहे. ती पलंगावर बसली होती, मी खाली बसले. इकडचं तिकडचं झालं. मग ती अचानक म्हणाली, "एक विचारू? तुला आमचं घर कधी आवडलं नाही ना गं?"

मी म्हणाले, असं का म्हणता आत्या?

ती म्हणाली, "दोन वर्षं राहिलीस. एकदा म्हणून काही मागितलं नाहीस. माझी पोरं हे दे, ते दे करून डोकं खायची. तू आपली हात आडवा. मला वाटायचं, हिला माझ्या हातचं गोड लागत नाही, आईनं सांगितलं म्हणून दिवस काढते आहे. मी रोज एक भाकरी जास्तीची टाकायचे. म्हटलं, आज तरी मागेल. सकाळी ती दूधवाल्याच्या म्हशीला जायची. तुझे काका म्हणायचे, म्हैस बघ किती सुधारली."

ती हे सांगताना हसली. मग म्हणाली, "वहिनी गेल्या त्या सकाळी तू आधी अंथरूण गुंडाळलंस. मला इतकं लागलं ते. म्हटलं, माझ्या गळ्यात पडून रडावं एवढीसुद्धा मी तिची कोणी नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. ट्रंक, भरीत, "आज आत्याकडे". मी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ती ऐकताना आधी हसत होती. मग हातानं पलंगाची कड चाचपत राहिली. म्हणाली, "वेडी होती वहिनी. मला विचारायचं तरी. तुम्ही पहिल्यांदा कुरडया घेऊन आलात ना, त्याच दिवशी हे म्हणाले होते, पोरगी चुणचुणीत आहे, पुढं शिकली तर इथंच ठेवून घेऊ. मी तर बोळातलं सामानसुद्धा तेव्हाच हलवलं होतं."

हेच तुला सांगायचं होतं, आई. तू झाडलास तो बोळ तिनं त्याच दिवशी माझ्यासाठी रिकामा करायला घेतला. जागेचं तू बघतेस म्हणालीस, आणि जागा पहिल्या दिवशीच झाली होती. पुढची सगळी वर्षं, ते पास, तुझं माहेर, फळीवर ठेवलेलं भरीत, त्यातलं काही लागणार नव्हतं. हे कळल्यावर तुला काय वाटलं असतं, त्याचा मी विचार करते. तू बहुधा म्हणाली असतीस, बरं झालं, पण तयारी असलेली बरी. आणि उठून कामाला लागली असतीस. मी तुझ्यावर रागावले आहे का, तेही मी तपासून बघितलं. सापडलं नाही. दुसरंही काही सापडलं नाही.

आत्यानं सुनेला हाक मारून जेवायला वाढायला सांगितलं. मेथीची भाजी होती आणि बाजरीची भाकरी. सून वाढायला वाकली. आत्याला दिसत नाही, ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. तरी म्हणाली, "हात आडवा केलास ना?"

मी म्हणाले, "हो."

"काढ तो."

मी काढला. सुनेनं अर्धी भाकरी आणि पळीभर भाजी वाढली. मी खाल्ली. आत्या माझ्या चावण्याचा आवाज ऐकत होती.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. ते क्वार्टर पाडून तिथं सिग्नलचं काहीतरी उभं राहिलं आहे, गाडीतून जाताना दिसतं. रविवारी मला भूक होती की नव्हती, हे मला खरंच सांगता येणार नाही. आता ते कळत नाही. पण सीबीएसवर होती. तू दुसऱ्या प्लेटसाठी बोट दाखवलंस तेव्हा मला अजून भजी हवी होती.